नेकनूरचा खुनी

बीडहून नेकनूरची एसटी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर एक रहस्यकादंबरी होती, दोनदा वाचून झालेली. लेखकानं गावाचं नाव लपवलंय, पण घाट चढून लागणारा बाजार, दगडी वेस आणि गावभर दडवलेल्या भानगडी वाचून हे नेकनूरच, असं मी परस्पर ठरवलं होतं. आता जाऊन गुपितं तेवढी काढायची होती.

वेस काही सापडली नाही. उतरतानाच चपलेचा अंगठा मात्र तुटला. फरफटत टपरीवर गेलो, पुस्तक टेबलावर ठेवलं, चहा मागितला. शेजारच्या माणसानं मुखपृष्ठ पाहिलं आणि अर्धा कप सोडून उठला. बाजारात चप्पल शिवणाऱ्यानंही पुस्तक पाहिलं.

"पुरं वाचलं का?"

"दोनदा."

"मग आमच्याशी बोलू नका," म्हणून त्यानं चप्पल पुढे सरकवली. मला आनंदानं शहारे आले. गाव नक्की काहीतरी लपवत होतं.

उलगडा मन्मथअप्पांच्या किराणा दुकानात झाला. दुकानाच्या ओट्यावर दुपारची पोथी लागते. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. यंदा पोथी लवकर संपली म्हणून लोकांनी हीच कादंबरी लावली होती. वाचायला अप्पांच्या पत्नी गिरिजाकाकू, अर्थाला अप्पा. आज शेवटचा अध्याय. म्हणजे अख्ख्या गावात गुपित होतं ते एकट्या माझ्याकडे.

त्यात अप्पांनी स्वतःला अडकवून घेतलं होतं. खुनी कंपाउंडरच, असं ते सुरुवातीलाच सांगून बसले होते. त्यांचे दोस्त शेषराव टपूनच होते. "चुकलात तर अर्थाची गादी सोडायची, अप्पा. मी बसतो." अप्पा चारचौघांत हो म्हणाले. वडिलांपासून चालत आलेली गादी.

अप्पांनी मला घरी जेवायला ठेवून घेतलं. धपाटे आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) होती. अप्पा हळूच सरकले.

"पावनं, बोलू नका. निस्ती मान हलवा. कंपाउंडरच ना?"

कादंबरीत खुनी पोस्टमास्तर आहे. मी घाईनं येसर तोंडात घेतली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी पाहून अप्पांचा घास हातातच राहिला. वाढता वाढता काकू माझ्याकडे बघत होत्या.

ऊन उतरल्यावर ओटा भरला. पुस्तक कापडातून सोडायचं ते वाचणाऱ्यानंच, दुसऱ्या कुणी त्यात डोकावायचं नाही, हा पोथीचा नियम. काकू वाचू लागल्या. फौजदारानं अंधारातल्या माणसाच्या तोंडावरचं फडकं ओढलं. काकूंनी चष्मा पुसला.

"आणि तो होता कंपाउंडर."

माझा हात पिशवीतल्या पुस्तकाकडे गेला. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. हात रिकामाच बाहेर आला.

"थांबा," शेषराव म्हणाले. "मागं खुन्याच्या खिशातून टपालाचा शिक्का पडला व्हता. कंपाउंडरच्या खिशात टपालाचा शिक्का कावून?"

अप्पांनी मांडी बदलली. "चोरला. अन् कावून चोरला, ते ऐका."

मग जो अर्थ सुरू झाला, त्यात शिक्का, पोस्टमास्तरचा भोळेपणा, कंपाउंडरचा जुना डूख, सगळं आलं. शेवटी शेषरावांची मान डोलत होती. खरं सांगायचं तर माझीही.

निघताना काकूंनी धपाटे बांधून दिले. मी हळूच म्हणालो, "काकू, माझ्या पुस्तकात पोस्टमास्तर आहे."

"माझ्यातबी हाय. पयल्याच दिवशी शेवट वाचलाय मी."

"मग?"

"गादी गेली असती तर दिवसभर घरात बसून मलाच अर्थ सांगितला असता त्यांनी."

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी ती कादंबरी मागून नेली आणि लवकरच परत आणली. "पोस्टमास्तर निघेल असं वाटलं नव्हतं हो," म्हणाले.

मी दार पूर्ण उघडलं. "बसा," म्हटलं, "अर्थ सांगतो. खुनी कंपाउंडर आहे."