गॅरेजमधलं सिंक

"नखं दाखव आधी."

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या एका मराठी घरात काकू मला म्हणाल्या. मी पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करते. वय एकतीस. दोन्ही हात पुढे केले. उलटे, सुलटे.

"गॅरेजमधल्या सिंकवर धू. किचनमध्ये नको."

धुतले.

आदल्या शनिवारी त्यांच्याकडेच जेवायला होते. आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग आई काय करते. म्हटलं, "सुईण आहे." काकूंनी विषय बदलला. दोन दिवसांनी फोन. "आमच्या मुलीच्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालशील? तुम्हा लोकांच्या हातातच असतं ते."

गेले. एकटी राहून थकले होते. परमुलखात मराठी कानावर पडावं, एवढंच. तीन शनिवार गेले. काकूंची मुलगी इथेच जन्मलेली. एकदा म्हणाली, "मम्मी, दिस इज नॉट ओके." काकू म्हणाल्या, "तुला नाही कळायचं." ती फोनमध्ये बघत बसली.

माझ्या आईने अर्ध्या गावाची बाळंतपणं केली. मूल बाहेर येईपर्यंत ती आतल्या खोलीत. बारशाला अंगणात.

माझा अभ्यास इथल्याच एका काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, शंभर वर्षांपूर्वीच्या सुइणींचा. बहुतेक काळ्या बाया. आरोग्य खात्याची नर्स त्यांच्या बॅगा उघडायची, नखं तपासायची, घरात शिरून चुलीपर्यंत बघायची. मनास आलं नाही की परवाना रद्द. तिसऱ्या शनिवारनंतर एकीपुढचा शेरा वाचला. 'उद्धट. म्हणते, आधी माझ्या हातची लेकरं बघा.'

फाइल मिटली. स्वच्छतेचं भांडण कधीच नव्हतं. आईसुद्धा ब्लेड उकळल्याशिवाय नाळ कापत नाही.

चौथ्या शनिवारी काकूंनी गॅरेजचं दार वर केलं. मी बाहेरच उभी राहिले.

"काकू, मी येणार नाही."

"बरं नाही का गं?"

"बरी आहे. या कामाला येणार नाही."

"एवढं काय लागलं तुला? घरच्यासारखं समजतो आम्ही."

"घरचे गॅरेजमध्ये हात धुतात?"

दार खाली आलं. तिकडे बस नाही. चालत निघाले. आनंद वगैरे काही झाला नाही. पाय दुखले.

गाइड म्हणतात, नर्सच्या नोंदी पुरेशा आहेत, प्रबंध संपव आता. नाही संपवणार. त्या सुइणींच्या नाती-पणत्या अजून याच काउंटीत राहतात. त्यांना विचारीन. नर्सने जिथे नुसतं 'अडाणी' लिहिलंय, तिथे त्या बाईचं पूर्ण नाव लिहीन. तिचं म्हणणं लिहीन. वर्ष जास्त लागेल.

लागू दे.