मरळीला गोंडा

माझी आई रिकामी बसली की तिचा अंगठा तर्जनीवर फिरत राहतो. मधे दोरा नसतो, तरी बोटं वळत राहतात. लहानपणी त्या बोटांकडं बघता बघताच मला झोप लागायची. सांगवीच्या आमच्या पडवीत पोळ्याच्या आधीचे दिवस मला अजून रंगांतच आठवतात. लाल लोकर, पिवळी लोकर, मधेच एक जांभळी लड, आणि त्यांच्या मधोमध पाय पसरून बसलेली आई. ती गोंडे बांधायची. बैलाच्या माथ्याला, गळ्याला, शिंगांच्या टोकांना. गाठ मारायची, लोकर खाली वळवून फणीनं विंचरायची आणि कात्रीनं अशी सरळ कापायची की गोंडा पाण्याच्या धारेसारखा सरळ खाली पडावा. आख्खी आळी तिच्याकडून गोंडे नेई. कुणाचा बैल उधळला तरी लोक म्हणत, बैल कसा का असंना, गोंडा बघा.

मग बैल गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जनावराच्या मानेवरचं जू उतरलं तर मी पेढे वाटीन. तक्रार वेगळी आहे. आमची जोडी विकायची ठरली तेव्हा घरात बैठक बसली, चहा झाला, ट्रॅक्टर कुणाचा लावायचा यावर वाद झाला. आईनं चहा दिला आणि कपबश्या उचलल्या. तुझ्या हातांनी आता करायचं काय, हे तिला एकानंही विचारलं नाही.

मी पत्रकं लिहिते. बारामतीच्या चौकात वाटते, एमआयडीसीच्या गेटवर शिफ्ट सुटताना मोटारसायकली अडवून वाटते. हिरव्या पडलेल्या पाण्यावर लिहिलं, पगारी सुट्टीवर लिहिलं, बाजारात बायकांसाठी मुतारी नाही यावर तर असं लिहिलं की छापणारा म्हणाला, ताई, जरा मऊ करा. केलं नाही. पण आईच्या बोटांवर पत्रक निघत नव्हतं. मागणी करायची कुणाकडं? निवेदन द्यायचं कुणाच्या टेबलावर?

आईनं लोकरीचं बोचकं बांधलं आणि पोटमाळ्यावर ढकललं. त्यानंतर ती कमी बोलू लागली. अंगठा मात्र फिरत राहिला.

माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला राहतो. कारखान्यात शिफ्ट करतो आणि सुट्टीला गळ टाकतो. जाळं नाही, काठी, रीळ आणि नायलॉनचा दोरा. त्याचा जीव मरळीवर. मरळ म्हणजे काळी, जाड, सापाच्या तोंडाची मासळी, सापडली त्यापेक्षा हुकलेलीच जास्त सांगितली जाते अशी. तिच्यासाठी तो जिग वापरतो. शिशाचं वाटाण्याएवढं मुंडकं, त्यातून निघालेला गळ, आणि मुंडक्याच्या मानेला बांधलेली झालर. विकतची झालर रबराची असते, आणि उन्हानं किंवा दातानं कधी ना कधी झडते. मुंडकी तो घरीच ओततो, टायरच्या दुकानातली शिशाची वजनं वितळवून. एकदा ते शिसं तो आमच्या चुलीवर ठेवायला निघाला होता. मी असं काही बोलले की शिशाची पळी घेऊन तो थेट रस्त्यावर गेला. शिसं तो आता त्याच्या अंगणात, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहून ओततो. एवढं एक आंदोलन यशस्वी.

एका सुट्टीला मामा आला तो तळहातावर झडलेलं जिग घेऊन.

"आक्के, हिला परकर शिव."

"मासोळीला परकर?" आई म्हणाली. "लाज कुणाला वाटती रं, तिला का तुला?"

"मला. नागडं मुंडकं बघून मासा तोंड फिरवतो."

कितीतरी दिवसांनी आई हसली. बोचकं खाली आलं. त्या दुपारी पडवीत पुन्हा रंग पसरले. ती एवढुसा गोंडा बांधत होती, नखाएवढ्या मानेला, लाल-पिवळा, आणि मी निवेदनाचा मसुदा लिहायचा सोडून भिंतीला टेकले. लोकर फणीतून जातानाचा तो आवाज, कोंबडीनं पंख झाडल्यासारखा. मला वाटतं मी थोडी झोपलेही. जागी झाले तेव्हा दोऱ्याला टांगून गोंडा हवेत फिरत होता. नेटका, विंचरलेला, कडा सरळ. बैलाच्या माथ्यावरचा राजा गोंडा, नुसता लहान होऊन आलेला.

मामानं तो पाण्यात टाकला. पुढच्या सुट्टीला आला, पण विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही नाही. आईनंच विचारलं.

"हवा न्हवती गं," मामा म्हणाला. "पाणी पण गढूळ."

"दाव."

त्यानं खिशातून जिग काढलं. आईनं ते उजेडात धरलं. लोकरीचा एक तंतू तुटला नव्हता.

"एकानं तोंडबी लावलं न्हाय," ती म्हणाली. "हात गेला माझा. दुसरं काय."

"आक्के, मासोळीला काय कळतंय..."

"बैलाला तरी काय कळत होतं? पन बैल मान हलवायचा." तिनं जिग बोटांत फिरवलं. "मला पाण्यात बघायचंय कसा दिसतो ते. चांगला दिसला तर मासा आंधळा. वाईट दिसला तर बोचकं बंबात घालते. जागा तरी मोकळी हुईल."

ती हे रागानं म्हणाली नाही. बाजारहाट सांगावा तसं म्हणाली, म्हणून मला भीती वाटली. रंगांचं ते बोचकं पाणी तापवायच्या बंबात जळताना मला डोळ्यांपुढं दिसलं.

मामा चुळबुळला. "तितं सगळी गडीमाणसं असत्यात. बाईमाणूस गळ घेऊन बसलं म्हंजे..."

झालं. मी उठून उभी राहिले. भीमेच्या पाण्यात जाळी ओढणाऱ्या बायका तुम्हाला रोज दिसतात, म्हटलं, तेव्हा कुणाची मान खाली जात नाही. होडी वल्हवणारी बाई चालते, मासळीची पाटी डोक्यावर घेणारी चालते. कामाला बाई चालते! नुसती हौस म्हणून काठाला बसलेली बाई मात्र तुमच्या डोळ्यांत खुपते. हौस ही काय पुरुषांची वतनदारी आहे?

"झालं का?" आई म्हणाली. "तुझं भाषण तिकडं गेटावर. मला पाण्याकडं घिऊन चल, एवढंच."

थंडी सरत आली होती. पहाट उलटल्यावर आम्ही माझ्या स्कुटीवर निघालो. आई मागं, बोचकं तिच्या मांडीवर. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आमच्या पुढं डुलत चालल्या होत्या आणि धुक्यात त्यांचे दिवे दिसत, ट्रॉल्या दिसत नसत. भिगवणच्या अलीकडं आम्ही आत वळलो तसा वारा बदलला, ओला झाला. मग ऊस संपला आणि पाणीच सुरू झालं. त्या पाण्याला कड नव्हती. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, मधे बुडालेल्या बाभळींची काळी टोकं, आणि आभाळ खालीही होतं, वरही होतं. या पाण्याबद्दल माझ्याकडं तोंडपाठ आकडे आहेत, कोणत्या शहरानं वरून काय सोडलं ते. त्या सकाळी मला एकही आकडा आठवेना. आई स्कुटीवरून उतरली, चपला काढल्या आणि गाभाऱ्यात शिरावं तशी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली.

आधीच येऊन थांबलेल्या मामानं काठाशीच जिग सोडलं, जिथं वाळूवर पाणी थोडं नितळ होतं. हळूहळू ओढलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो.

गोंडा राहिलाच नव्हता. लोकर भिजून शिशाच्या मागं चिकटली होती. मामा थांबला तरी ती तशीच. ओढलं तरी तशीच.

"वात हाय ही," आई म्हणाली. "विझलेली."

तिनं ते जिग हातात घेतलं आणि दगडावर बसली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं, पाण्याकडं बघत राहिले. तिच्या पाठीमागं बोचकं होतं. पाणी चुबुक चुबुक करत होतं. नंतर लक्षात आलं की तो आवाज पाण्याचा नव्हता, तिचाच होता. ती जिग पुन्हा पुन्हा बुडवत होती. मुंडकं पुढं धरून ओढलं, लोकर मिटली. मग तिनं गळाचं टोक पुढं धरलं आणि उलटं ओढलं. लोकर फुलली. अर्धवटच, पण फुलली. भिजलेलं कोंबडीचं पिल्लू अंग झाडतं तशी.

"उलटा," ती स्वतःशीच म्हणाली. "ह्याला उलटा बांधायचा. मुंडक्याकडं टोकं करून. ओढलं की मागं जातील, थांबलं की परत उघडतील. आन मी आपली विंचरत बसले, शिंगाला बांधायचा असल्यागत." मग ती मामाकडं वळली. "तुला ठाऊक होतं?"

"विकतचे तसेच असत्यात," मामा चाचरत म्हणाला. "पन तुझा एवढा देखणा झालता, मला सांगवंना."

"मुडद्या!"

पण लोकर भिजून पडते, हा दुसरा घोटाळा होता. तेवढ्यात शेळ्यांचा कळप पाण्यावर उतरला. मागं एक म्हातारे आबा, डोक्याला मफलर. आई उठली आणि सरळ त्यांच्याकडं गेली.

"आबा, तुमच्या त्या काळ्या शेळीचं चार केस द्याल का? शेपटाकडचं. राठ असलेलं."

"केस?" आबा म्हणाले. "करनी करायची हाय का कुणावर?"

"मासोळीवर."

"मग घ्या. मासोळ्यांची काय तक्रार येत न्हाय." त्यांनी शेळीचे कान धरले, मामानं कमरेचा चाकू दिला, शेळीनं सगळ्यांना शिव्या घातल्या. "आन गळ टाकनार कोन?"

"मी," आई म्हणाली.

"व्हय? मग शेळ्या लांब न्हेतो. एखादीला पकडाल."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, अगदी जहाल. आईनं मान न वळवता हाताच्या पंजानं मला गप्प केलं.

ती दगडावर बसून बांधू लागली. राठ काळे केस, मधे लाल लोकरीचा एकच धागा, ओळखीसाठी. टोकं पुढं, मुंडक्यावरून पलीकडं. बोटं थबकत होती. आयुष्यभर खाली वळवलेलं सगळं वर वळवायचं होतं. गाठ सुटली, पुन्हा घातली. दोरा दातात धरून ती म्हणाली, "असा गोंडा पोळ्याला बांधला असता तर गावानं हसून मारलं असतं." विंचरला नाही. कापून सरळ केला नाही. झिपऱ्या तशाच ठेवल्या. कुरूप झाला होता, खरं सांगते. मला तो भांडून आलेल्या बाईसारखा दिसला आणि म्हणूनच आवडला.

तिची पहिली फेक तिच्याच पायाशी पडली. आबा खोकल्यासारखं हसले. दुसरी मामाच्या टोपीत गुंतली. मग एक गेली, रिळाचा बारीक सूर निघाला आणि जिग बाभळींच्या अलीकडं पडलं. त्या जागी एक वलय उठलं, रुंद होत होत आमच्या पायांपर्यंत आलं.

"ओढ," मामा कुजबुजला. "आता थांब. श्वास घेऊ दे त्याला. ओढ. थांब."

त्यानं सांगायची गरज नव्हती. आईचा अंगठा रिळावर फिरत होता, थांबत होता, फिरत होता. ती लय मी जन्मापासून बघत आले होते, पडवीत, झोपेच्या कडेवर. पाण्याखाली, मला दिसत नव्हतं तिथं, शेळीचे केस मिटत असणार, उघडत असणार. ऊन वर आलं. पक्ष्यांची गुलाबी रेघ उचलली गेली आणि थोडी सरकून पुन्हा बसली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी उभ्या उभ्या स्वप्नात होते.

काठी वाकली.

आई ओरडली नाही. दोन्ही हातांनी धरून ती पाण्यात पुढं गेली, गुडघ्यापर्यंत, लुगडं भिजवत. "ढील दे, ढील दे!" मामा नाचत होता. बाभळींजवळ पाणी फुटलं, एक काळी, जाड पाठ वर आली आणि तिच्या तोंडाच्या कडेला, मी शपथेवर सांगते, लाल धागा दिसला. मग मरळ बुडालेल्या फांद्यांत शिरली. दोरा ताणला, गुणगुणला आणि तुटला. काठी सरळ झाली.

मामानं डोकं धरून बसकण मारली. मी आईकडं बघितलं. ती पाण्यात उभी होती, हातात रिकामा दोरा, आणि हसत होती, खांदे हलेस्तोवर.

"नेला!" ती म्हणाली. "बघितलंस का गं? गोंडा नेला माझा!"

"मरळीचा पोळा झाला," आबा म्हणाले आणि शेळ्या हाकायला लागले. चार पावलं जाऊन थांबले. "आक्का, पुढच्या बारीला काळ्याच शेळीचं लागतील का पांढऱ्या बी चालतील?"

"दोन्ही आना," आई म्हणाली. मग मामाकडं बोट केलं. "आन तू मुंडकी आन. उठ. रडतोस काय, तुझं काय गेलं?"

परतताना ती मागं बसली होती. माझ्या पाठीवर ओढणी मधूनमधून खेचली जात होती. वाऱ्यानं असेल म्हटलं. घरी उतरल्यावर बघितलं तर ओढणीच्या टोकाचे धागे सोडवून तिनं त्यांचा गोंडा बांधला होता. उलटा.

बोचकं पडवीत, हाताशी ठेवलं गेलं. अंगाला मासळीचा, शेळीचा, चिखलाचा वास येत होता, म्हणून आंघोळीला पाणी तापवायचं होतं. बंब पेटवायला काही सापडेना. मागच्या आंदोलनातली उरलेली पत्रकं कोपऱ्यात होती, ती मीच घातली. छान पेटली. आईनं आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एक ठेव गं. मागनं कोरं असतंय. मला कसली मुंडकी पाहिजेत ते मामाला चित्र काढून द्यायचंय."