इंगवलेकाकांचा बिऱ्हाडकरू

इंगवलेकाका नोकरीच्या मुलाखतीला आले ते कोटाच्या खिशात एक किन्नू, म्हणजे पंजाबातलं संत्रं, आणि दाढीचं ब्लेड घेऊन. मोहालीच्या इंडस्ट्रियल एरियात, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही कॉम्प्युटर गेम बनवायचो. म्हणजे परदेशातली एक कंपनी गेम ठरवायची आणि त्यातली चित्रं, हालचाली, मजकूर आम्ही तयार करून पाठवायचो. आमचे मालक गिलसाहेब जेमतेम तिशीतले. समोर साठीचा, मफलर गुंडाळलेला गृहस्थ बघून ते जरा अवघडले आणि म्हणाले, "काकाजी, कुछ बना के दिखाओगे?"

काकांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, किन्नू ब्लेडने बरोबर मधोमध कापला आणि पेन्सिलीने त्याचं आतलं अंग काढायला घेतलं. अर्ध्या तासाने कागदावर फोडी होत्या, फोडींमधले पातळ पडदे होते आणि एक बी ब्लेडखाली अर्धी कापली गेली होती, तीही अर्धीच होती. चित्र गिलसाहेबांकडे सरकवून त्यांनी किन्नूचा एक भाग स्वतः खायला घेतला आणि दुसरा माझ्या हातात ठेवला.

"अनघा भी महाराष्ट्रियन है," गिलसाहेब म्हणाले.

"व्हय?" काकांचा चेहरा उजळला. "मराठी कळती का तुला?"

"समझ में आती है," मी म्हटलं.

"मग झालं की. मी बोलतो, तू समज."

माझे वडील सरकारी बदलीवर नागपूरहून चंदीगडला आले तेव्हा मी तीन वर्षांची होते. आई माझ्याशी मराठीत बोलायची, मी तिला हिंदीत उत्तर द्यायचे, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. काकांनाही वाटलं नाही. मात्र त्यांनी माझ्याशी एकदाही हिंदीत बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

काका मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या कलाशाळेत शिकले आणि पंचवीस-तीस वर्षं चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात चित्रकार म्हणून राहिले. डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी, व्याख्यानांसाठी काळीज, यकृत, शिरा, गाठी काढायच्या, हे त्यांचं काम. पुढे डॉक्टर मंडळी कॉम्प्युटरवर स्वतःच चित्रं करू लागली, काकांच्या खोलीकडे कुणी फिरकेना, आणि त्यांनी निवृत्ती घेतली. बायको त्याआधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. सेक्टर पंधरामध्ये कुणाच्या तरी घरामागची एक खोली घेऊन ते राहत होते. "दिवस लई मोठा असतोय गं," नोकरी का धरली असं मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते.

आमच्या हातात तेव्हा एक गेम होता. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर एक यान कोसळतं. त्यातली एकच बाई वाचते, तीही मरणाच्या दारात. तिथला एक जीव तिच्या शरीरात शिरतो, तिला जगवतो आणि तिला हळूहळू बदलत नेतो. गेम खेळणारा माणूस म्हणजे ती बाई. तो जीव कसा दिसतो आणि पाच टप्प्यांत तिचं काय होतं, हे काकांनी कागदावर काढायचं होतं. काढलेलं मी स्कॅन करायचं आणि त्याचं वर्णन इंग्रजीत लिहायचं.

मी कंपनीचा कागद वाचून दाखवला. त्या जीवासाठी त्यात सिम्बायोट असा शब्द होता.

"बांडगूळ?" काका म्हणाले.

"नहीं काका. बांडगूळ मतलब पॅरासाइट ना? ये तो उसको जिंदा रखता है."

"मग बिऱ्हाडकरू म्हण. घर पडाय आलंय आणि हा राहायला आलाय. भिंत सावरतोय, छप्पर धरतोय." त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. "पण घराला कळतंय बघ, हा आपला न्हवं. घर त्याला हुसकून लावणार. मग घराला रोज औषध देऊन गप बसवायचं. एक दिवस चुकलं, की घरच बिऱ्हाडकरूला मारतंय."

मी ते तसंच्या तसं लिहून पाठवलं. त्या ग्रहावर एक झुडूप असेल, त्याचा रस बाईने रोज प्यायचा. नाही प्यायली तर तिचं शरीर त्या जीवाला मारेल आणि मग तीही मरेल. परदेशी कंपनी खूश झाली. गेमचा मुख्य नियमच त्यांनी तो केला. गिलसाहेबांनी ऑफिसात लस्सी मागवली. काकांना लस्सी सोसत नसे, तरी त्यांनी घेतली.

पुढचे दोन महिने काकांनी काढलेलं मी अजून डोळे मिटून सांगू शकते. तो जीव मुठीएवढा होता, घेवड्याच्या बीसारखा वळलेला, आणि त्याच्या खोबणीतून शिरा निघाल्या होत्या. तो बाईच्या पोटात खाली, उजव्या बाजूला बसायचा. छातीत किंवा डोक्यात का नाही, असं गुरप्रीतने विचारलं. गुरप्रीत आमच्याकडे चित्रांना हालचाल द्यायचा. दाढी पांढरी व्हायला लागलेला, दोन मुलींचा बाप. काका त्याला म्हणाले, "वहीं जगह होती है, जी."

गुरप्रीतला बाईची चाल बसवायची होती. काकांनी त्याला तिचा उजवा हात पोटावर ठेवायला सांगितला. गुरप्रीतने ठेवला.

"ना, ना. पकडना नहीं. सिर्फ रखना. जैसे अंदर कोई सोया है."

तिसऱ्या टप्प्याची चित्रं आली आणि मी थबकले. बाईचा चेहरा बदलला होता. गाल फुगून चेहरा पुरा वाटोळा झाला होता, डोळे बारीक दिसत होते, कानांपाशी आणि हनुवटीवर बारीक लव होती. चेहरा सुंदर नव्हता आणि भयंकरही नव्हता. ती कुणीतरी खरीखुरी बाई वाटत होती.

"ये क्या हुआ उसको?"

"औषधानं होतंय," काका म्हणाले. "औषध घेतलं तर चेहरा जातोय. न्हाई घेतलं तर जीव."

त्याच आठवड्यात काकांना ताप आला. आईने वरण-भाताचा डबा दिला आणि मी तो घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. दुपारची उन्हं खिडकीतून आत आली होती. भिंतीवर एका हसऱ्या, उभट चेहऱ्याच्या बाईचा फोटो होता. "सुमन," काका म्हणाले. "आमची मंडळी." मग उठून बसले आणि त्यांनी ते सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुमनकाकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. काकांनी आपलं एक दिलं. ज्या डॉक्टरांसाठी त्यांनी मूत्रपिंडाची चित्रं काढली होती, त्यांनीच शस्त्रक्रिया करून ते काकूंच्या पोटात खाली, उजव्या बाजूला बसवलं. काकू वाचल्या. पण बाहेरचं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोज मूठभर गोळ्या, जन्मभर. त्या गोळ्यांनी वर्षभरात काकूंचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, गालांवर लव आली. खोलीतला आरसा त्यांनी काढून ठेवला. फोटो काढू देईनात. कोल्हापूरला जाणं बंद केलं; दर दिवाळीला काही ना काही कारण कळवायच्या.

"मला म्हणाली, तुमचा हात चित्रकाराचा हाय. माझं असलं तोंड तुम्ही काढायचं न्हाई. शपथ घ्या." काकांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. "घेतली. आठ वर्षं ती माझ्यापुढं बसून भाजी निवडायची, स्वेटर विणायची, आणि माझा हात शिवशिवायचा."

आठव्या वर्षी काकांच्या भाचीचं लग्न ठरलं. काकू म्हणाल्या, या लग्नाला मी जाणार. दोन महिन्यांत त्यांचा चेहरा उतरायला लागला. काकांना वाटलं, गोळ्या आता अंगवळणी पडल्या असतील. लग्नात काकू हिरवी पैठणी नेसून मांडवभर फिरल्या. सगळे म्हणाले, सुमन होती तश्शीच आहे. परत आल्यावर दहा दिवसांत ताप भरला. काका कपाटात औषधाचा कागद शोधायला गेले तर पातळांच्या घडीखाली गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या.

"तुम्ही काही बोललात त्यांना?" मी विचारलं. हे मी मराठीत विचारलं, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

"काय बोलू? ती मला म्हणाली, एकदा माझ्या तोंडानं जाऊन आले हो." काकांनी फोटोकडे पाहिलं. "घरच्या सगळ्यांना ती अशी आठवती. खरी सुमन ती, म्हणत्यात. पण पोरी, त्या गोल चेहऱ्यानं मला आठ वर्षं दिली. तो चेहरा या जगात फक्त मी बघितलाय. मी गेलो की संपला. ती होती तवर शपथ पाळली. आता मोडली."

डबा तसाच राहिला होता. मी पातेलीत वरण गरम करून दिलं आणि त्यांनी ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

महिन्याभराने परदेशी कंपनीकडून निरोप आला. जीव आवडला, नियम आवडला. नायिका चालणार नाही. हिला बघून कोण खेळेल, असा सरळ प्रश्न होता. तिसऱ्या टप्प्यापासून तिचा चेहरा टोकदार हवा, डोळे हिरवे, खांद्यांतून धारदार पाती निघालेली. गिलसाहेब कागद हातात धरून काकांच्या टेबलाशी उभे राहिले. "काकाजी, मैं क्या करूँ? पूरा काम वापस ले लेंगे."

मी भांडले. माझ्याकडे सगळी कारणं होती, फक्त खरं कारण मला सांगता येत नव्हतं. ते सांगायचं की नाही, हे काकांच्या हातात होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कर देंगे जी," ते म्हणाले. "परसों तक."

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली ढाब्यावर गेले. गुरप्रीत मात्र उठला नाही. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, पण दोन महिने तो त्या चालीवर बसला होता. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्याने खुर्ची ओढली. "आओ जी, बैठो. बदलने से पहले एक बार चला के देख लो."

काकांनी तोवर कीबोर्डला कधी हात लावला नव्हता. गुरप्रीतने त्यांचं बोट बाणाच्या कळीवर ठेवलं. पडद्यावर लाल माती होती, लांब डोंगर होते, आणि गोल चेहऱ्याची ती बाई पाठमोरी उभी होती. काकांनी कळ दाबली. ती चालू लागली. उजवा हात पोटावर, पाऊल टाकण्याआधी किंचित थांबणं, उतारावर अंग जरा मागे. काकांनी बोट उचललं तशी ती थांबली आणि मान वळवून तिने मागे पाहिलं. तेवढी हालचाल गुरप्रीतने स्वतःच्या मनाने घातली होती.

काका खुर्चीत पुढे सरकले. तिला वळवायचं कसं हे त्यांना जमत नव्हतं, म्हणून ती सरळच जात राहिली. माती संपेपर्यंत गेली. गुरप्रीतने तिला पुन्हा पहिल्या जागी आणून ठेवलं. पुन्हा गेली. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा काकांनी कळ सोडली. तिने मागे पाहिलं.

"बस," ते म्हणाले. "अब बदल दो."

दोन दिवसांत त्यांनी ती पातीवाली नायिका काढून दिली. काम चोख होतं, कंपनीला फार आवडलं. काका मात्र त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. नजर कमी व्हायला लागली होती, काचबिंदू निघाला, आणि बहिणीने कोल्हापूरला बोलावून घेतलं. स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा मला म्हणाले, "तुझ्याशी बोलून बोलून माझं हिंदी बिघडलं बघ." गाडी हलल्यावर मी रडले. गुरप्रीतने मला स्कूटरवरून घरी सोडलं.

गेम पुढे निघाला की नाही, मला ठाऊक नाही. कंपनीने मधेच काम दुसरीकडे हलवलं आणि आमचं ऑफिस बंद झालं. ते कॉम्प्युटर कुणी नेले, त्यांत काय होतं, याचा पत्ता नाही. मला पुण्यात नोकरी लागली. आता मी घरी, दारी, बाजारात मराठी बोलते. चांगली बोलते असं लोक म्हणतात. मधेच एखादा "व्हय" किंवा "की" निसटतो तेव्हा विचारतात, तुम्ही कोल्हापूरच्या का? नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी चार महिने मी त्यांना कोल्हापुरात जाऊन भेटले होते. बहिणीच्या घरी, ओट्यावर, उन्हात पाय पसरून बसले होते. डोळे पुरते गेले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला. मी जवळ बसले. नोकरीचं बोलले, आईचं बोलले, गुरप्रीतच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं ते सांगितलं. ते ऐकत होते आणि माझी मराठी ऐकून मधूनमधून हसत होते.

मग बहीण आत चहा टाकायला गेली, तसे माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "ती चालत होती, ते सांग."

मी सांगू लागले. लाल माती होती काका, आणि लांबवर डोंगर. ती पाठमोरी उभी होती. तुम्ही कळ दाबली आणि ती निघाली, उजवा हात पोटावर ठेवून...

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू सांग," ते म्हणाले. "ती हळू चालायची."