शेट्येबाई आणि घाटातली माशी

शेट्येबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या खांद्यावर काचेचा पेला पालथा घातला तेव्हा. डिचोलीच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. स्टाफरूममध्ये भाजी-पाव खात बसलो असताना मागून आवाज आला, "सर, हालू नकात! अजिबात हालू नकात!" मी पेडण्याचा माणूस. असं कोणी ओरडलं की आमच्या डोक्यात आधी फुरसं येतं. घास तोंडात तसाच धरून मी थिजलो. बाईंनी पेल्याखाली पोस्टकार्ड सरकवलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि चालू लागल्या. माशी होती हो! साधी माशी! तसं मी म्हटलं, तर बाई दारातूनच परत फिरल्या. "साधी माशी म्हणान काय नसता, सर."

कुमुद शेट्ये आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकवायच्या. सर्वणला राहायच्या, बसने यायच्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर तुमच्या कानामागे गेली की समजायचं, आपलं बोलणं संपलं. माश्यांतही त्यांचा जीव एकाच घराण्यावर होता, शिकारी माश्यांवर. या माश्या उन्हात पडलेल्या ओंडक्यावर दबा धरून बसतात, उडती मधमाशी हवेतच धरतात, परत येऊन तिच्यात सोंड खुपसतात आणि आतून रिकामी करतात. बाई हे डबा खाताना सांगायच्या. मी अनेकदा डबा घेऊन व्हरांड्यात गेलो आहे.

चोर्ल्याच्या घाटावरच्या रानात त्यांना अशी एक माशी मिळाली, नर. पाय तांबूस, मिशा काळ्याभोर. पुस्तकांत कुठेच बसेना. बाईंना खात्री वाटत होती की ही जात नवीन आहे. पण वाटून चालत नाही. या माश्या वरवर सारख्याच दिसतात. जात ठरते ती नराच्या शेपटाच्या टोकावर. ते तांदळाच्या कणीएवढं टोक कात्रीने कापायचं, पोटॅशमध्ये उकळायचं आणि आतले हुकासारखे आकडे भिंगाखाली बघायचे. नर एकच होता, म्हणजे संधीही एकच. त्यात बाईंना काचबिंदू. नजर कडेने विझत आत येत चालली होती आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"दुसऱ्या कोणाकडे द्या ना," मी म्हटलं.

"आयुष्यभर लोकांनी बघितलेल्या माश्या शिकवल्या, सर. एक तरी माझ्या डोळ्यांनी बघान लिवतलंय. मगे डोळे जाऊ देत."

तो दिवस ऑक्टोबरचा. लाईट गेलेली, घामाच्या धारा. खिडकीच्या उजेडात बाई कामाला बसल्या. शेजारी आमचे वनस्पतिशास्त्राचे फर्नांडिस उजेड पाडायला आरसा धरून उभे. मला दारात बसवलेलं. "कोणाक आत सोडू नकात. आणि तुमी खोकू नकात." मी खोकणारच होतो, गिळला. कात्री मिटल्याचा बारीक आवाज आला. चिमट्यात टोक धरून बाईंनी हात काचेच्या बशीकडे न्यायला सुरुवात केली, आणि लाईट आली.

पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं. बाईंच्या बरोब्बर डोक्यावरचा पंखा गरगरला. चिमटा रिकामा!

"पाय उचलू नकात कोणी!" बाई ओरडल्या.

फर्नांडिसांनी हात लांबवून पंखा बंद केला. मग आम्ही तिघेही पोटावर. साडी सावरून बाई फरशीला गाल लावून बघत होत्या, ओला कुंचला इंचाइंचाने फिरवत होत्या. मी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होतो. माझ्या छातीत असं धडधडत होतं की त्यानेच ते टोक उडेल असं वाटलं. घामाचा थेंब पडला तरी बाई तो बोटाने चाचपून बघायच्या. दुपार कलली तेव्हा टेबलाच्या पायाशी फर्नांडिस किंचाळले, "बाय, मेळ्ळें! हेंच तें! शपथ घेवन सांगतां!"

उकळून, धुऊन ते भिंगाखाली गेलं. फर्नांडिस नाचायचेच बाकी होते. दोन आकडे, टोकाला फाटे फुटलेले, कुठल्याच पुस्तकात नसलेले. बाई खूप वेळ बघत राहिल्या. मी पेढे कुठून आणायचे याचा विचार करत होतो.

"ह्या त्याच माशयेचा कशावरून?" बाई म्हणाल्या.

आम्हाला आधी कळलंच नाही. त्या खोलीत वीस वर्षं माश्या कापल्या जात होत्या, त्यांचे पाय, पंख, शेपटं फरशीवर पडत होती. म्हणून काय झालं? मी भांडलो, फर्नांडिस भांडले. "अहो, डोळ्यांसमोर उडालं ना!"

"हातातसून सुटला ता माका दिसला. जमनीर गावला ताय दिसला. मधला कोणाक दिसला?"

"बाई, तुमच्याकडे वेळ नाही!" मी अक्षरशः ओरडलो.

"तां माका ठावक असा, सर." एवढंच बोलून त्यांनी ते टोक वेगळ्या कुपीत बंद केलं.

पुढच्या वर्षी पुन्हा घाट. गाडी माझी, शिव्याही माझ्याच. किती खेपा रिकाम्या गेल्या! बाईंना आता समोरचा ओंडका दिसायचा, त्यावरची माशी नाही. जाळं माझ्या हातात, आणि त्या मागे दगडावर कान देऊन बसलेल्या. एका दुपारी घूंऽ करत काहीतरी आलं आणि ओंडक्यावर टेकलं. सोंडेत मधमाशी लटकत होती.

"बाई, आली! काय सुंदर—"

"सुंदर नको माका. पायांचो रंग सांगा."

"तांबूस."

"मिशयो?"

"काळ्या."

"शेपटाचा टोक? जाड असा?"

"जाड आहे."

बाईंचा श्वास ऐकू आला. "नर तो. पाठसून जावा. सावली पडू देऊ नकात. खाता तवसर उडाचो नाय."

मी मास्तर माणूस, कवितेचा अर्थ सांगणारा. या बाईंचं सगळं आयुष्य माझ्या हातातल्या जाळ्यावर येऊन बसलं होतं. डोळे मिटून मी जाळं हाणलं, खोटं कशाला सांगू! उघडून बघतो तर माशी आत. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

पण भिंगाखाली त्यांना उजेडाचा पुंजका सोडून काही दिसेना. या वेळी सगळी दारं-खिडक्या लावून, पंख्याची तारच काढून फर्नांडिसांनी कापलं, फर्नांडिसांनी बघितलं. मग त्यांनी ती जुनी कुपी शेजारी ठेवली. या भिंगातून त्या भिंगात तीनतीनदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाय, दोनूय एकूच."

म्हणजे जमिनीवरचं तेच होतं! वर्षापूर्वी, डोळ्यांत उजेड होता तेव्हा, बाईंनी स्वतः बघून सगळं लिहिलं असतं. माझं डोकंच फिरलं. "बाई, तेच होतं! तुम्ही उगाच... तुमचं वर्ष गेलं, डोळे गेले!"

"आता कळला ना, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "तेवा खंय कळलेला?" आणि भिंगाच्या दिशेने मान वळवून, "फर्नांडिस, उजवो आकडो सांगा. फाटे किती?"

लेख छापून आला. बाई निवृत्त होऊन घरीच होत्या. वाचून दाखवायला मी सर्वणला गेलो. नव्या जातीच्या नावाखाली लेखकांची नावं होती, आणि पहिलं नाव फर्नांडिसांचं. मी वाचता वाचता थांबलो. ही चूक कोणाची, कोणाला फोन करायचा, असं काहीबाही बोलू लागलो.

"चूक नाय," बाई म्हणाल्या. "मियाच तसा लिवून धाडूक लायला. बघला कोणी? तेणी. मगे पहिला नाव कोणाचा येतला?"

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. मी तो हातात दिला, तर त्यांनी तो उलटा धरला.