आंघोळीसाठी कुरखेड्यापर्यंत

माणसे आंघोळीसाठी काशीला जातात, नाशिकला जातात. आम्ही कुरखेड्याला गेलो. पुणे स्टेशनवर निरोप द्यायला आलेल्यांपैकी एकालाही कुरखेडा कुठे आहे हे माहीत नव्हते. चांदा जिल्ह्यात, असे सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे काळजीने उतरले, कारण चांदा म्हणजे ऊन अशी पुण्यात पक्की समजूत. माझ्या मावशीने ऐन पौषात, ऊन बाधू नये म्हणून माझ्या खिशात कांदा घातला. स्वेटर मात्र कोणी दिला नाही. दिला असता तरी मला घेता आला नसता, कारण आमच्या मंडळाचा तसा नियम होता.

हे मंडळ म्हणजे पहाटस्नान मंडळ. रोज पहाटे पाचला नदीत बुडी मारायची, ओले कपडे अंगावरच वाळवायचे, कार्तिकापासून माघापर्यंत लोकर, चहा आणि शेकोटी यांना शिवायचे नाही, आणि कुडकुडायचे नाही. हा शेवटचा नियम सर्वांत कडक. कुडकुडणे हा शरीराचा नव्हे, मनाचा दोष आहे, असे आमचे अध्यक्ष तात्यासाहेब सांगत. तात्यासाहेब निवृत्त हेडमास्तर. ते स्वतः कधी कुडकुडत नसत हे खरे, पण देवाने त्यांना जन्मतःच अंगावर दोन रजया चढवून पाठवले होते. मी शाळेत ड्रॉइंग शिकवणारा काटकुळा माणूस. दोन वर्षे मंडळात काढूनही माझे दात रोज वाजत आणि तात्यासाहेब रोज वहीत माझ्या नावापुढे फुली मारत. एक दिवस तरी ती फुली चुकवावी, ही माझी त्या काळातली सर्वांत मोठी महत्त्वाकांक्षा होती. आता सांगायला लाज वाटते, पण होती.

त्या वर्षी पुण्याला थंडी बेताचीच पडली. तात्यासाहेबांना हा मंडळाचा अपमान वाटला. त्यांचा पुतण्या कुरखेड्याला जंगलखात्यात नोकरीला होता. त्याने पत्रात लिहिले की इथे पौषात घागरीतले पाणी हाताला चावते. झाले, सात पहाटांची मोहीम ठरली. निघायच्या दिवशी कळले की बाकी सर्व सभासदांच्या घरी एकाच आठवड्यात लग्ने, बारशी आणि सासऱ्यांची दुखणी निघाली आहेत. उरलो आम्ही दोघे.

वर्ध्यानंतर डब्यात चांद्याचे एक मुसलमान व्यापारी भेटले. घोंगड्या आणि ब्लँकेटे विकत. कुठे चाललात, कशासाठी, ही चौकशी झाली.

"आंघोळ कराले?" ते म्हणाले. "पुन्यात पानी नाई का जी?"

"पाणी आहे," तात्यासाहेब म्हणाले, "थंडी नाही."

त्या गृहस्थांनी आपल्या घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. मग अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, मी वीस साल थंडी विकली. थंडी शोधत जानारा गिऱ्हाईक पहिल्यांदा पाह्यला." उतरताना त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की माझे मलाच वाईट वाटले.

चांद्याला सकाळी पोचलो. परकोटाच्या वेशीतून कोळशाने भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) येत होत्या आणि त्यांच्या मागून कचेरीत जाणारे कारकून पांढरी धोतरे सावरत चालले होते. किल्ल्याचा कोट बघण्यासारखा आहे, पण तात्यासाहेबांनी गावातल्या विहिरीचे पाणी तेवढे बोट बुडवून पाहिले आणि "कोमट" असा शेरा मारला. पुढे छोट्या गाडीने वडसा. ही गाडी इतकी सावकाश जाते की वाटेतले लोक तिच्याशी बोलत बोलत चालतात. वडशाहून मोटारीने कुरखेडा. पुतण्याने जेवण मात्र झकास दिले. नव्या धानाचा भात, लाखोरीच्या डाळीचे वरण आणि पोपटाची (वालाच्या हिरव्या शेंगांची) भाजी. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा तात्यासाहेबांनी घसा खाकरला, कारण जड पोट आणि थंड पाणी यांचे जमत नाही.

दुसऱ्या दिवशी बंडीने जंगलातल्या एका गावी गेलो. पुतण्याने तिथल्या देवाजी नावाच्या शेतकऱ्याकडे आमची सोय केली होती. देवाजी चाळिशीचा, शांत. त्याची बायको पार्बताबाई बोलायला तिखट आणि कामाला त्याहून तिखट. धानाच्या मळणीचे दिवस होते. खळ्यावर धानाचे पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंज्या) रचलेले आणि मळून झालेल्या तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, घराएवढा ढीग.

"आंघोळ त इथी बी होते, मास्तर," देवाजी म्हणाला. "बाई पानी तापवून देईल."

"तापवून!" तात्यासाहेब इतकेच म्हणाले. देवाजीने विषय सोडला.

पहिल्या दोन पहाटा ठीक गेल्या. गावापासून कोसभर साजा-मोहाच्या जंगलात एक नाला आहे आणि त्यात गळ्याएवढा डोह. जंगल सुंदर आहे. बांबूच्या बेटांतून धुके हळूहळू वर सरकते, दुरून कुठेतरी मोर ओरडतो आणि पायाखालची पाने दवाने भिजून मऊ झालेली असतात. मी हे सगळे दात वाजवत पाहिले. दोन दिवस, दोन फुल्या.

तिसऱ्या पहाटे निघायच्या आधीच आभाळ भरून आले आणि अवकाळी पाऊस लागला. देवाजी घाईघाईने पुंजणे झाकायला गेला, जाताना म्हणाला, "आज नका जाऊ, मास्तर. वारं सुटून राह्यलं." तात्यासाहेबांच्या डोळ्यांत चमक आली. ज्या थंडीसाठी इतका प्रवास केला ती आयती दारात आली होती.

डोहात आम्ही नेहमीच्या दुप्पट वेळ राहिलो. बाहेर आलो तर पाऊस, वारा, आणि नियमाप्रमाणे अंगावर ओले धोतर आणि सदरा. त्यात तात्यासाहेबांना नाल्याचा उगम बघण्याची इच्छा झाली. तासभर आम्ही वर चढलो. माझे दात वाजणे सोडा, गुडघे, खांदे, हनुवटी सगळेच वाजत होते. बोटे सदऱ्याच्या गुंडीला लागेनात. उगम काही सापडला नाही, आम्ही परत फिरलो, आणि वाटेत कुठेतरी एक चमत्कार झाला. माझी थरथर थांबली.

आधी तात्यासाहेबांच्या ते लक्षात आले. ते थांबले, माझ्याकडे नीट पाहिले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन वर्षांत त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता. "जमले," ते म्हणाले. "मन वर आले, शरीर खाली गेले."

मलाही तसेच वाटले. किती बरे वाटले म्हणून सांगू. थंडी कुठल्या कुठे गेली. उलट उकडू लागले. मी म्हणालो, "तात्यासाहेब, गरम होतेय," आणि चालता चालता सदरा काढून झुडपावर टाकला. तात्यासाहेबांना धन्य वाटले. आतली उष्णता प्रकट झाली, असे ते म्हणाल्याचे मला आठवते. जीभ जड झाली होती, पाय एकमेकांत अडकत होते, आणि मी एका मोहाच्या झाडाला शाळेतला शिपाई समजून घंटा का दिली नाहीस म्हणून रागावलो. हे मला नंतर कळले. तात्यासाहेबांनी त्याला समाधी मानले.

पायवाट देवाजीच्या खळ्यावरून जात होती. पार्बताबाई मांडवात धान पाखडत बसली होती.

"मास्तरभाऊ असे काऊन चालून राह्यले?" तिने विचारले.

"त्यांची थरथर थांबली," तात्यासाहेब हसून म्हणाले. "आज त्यांनी थंडी जिंकली."

तिने सूप खाली ठेवले. उठून आली, माझ्या उघड्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. "कवापासून थांबली?"

"झाला असेल पाव तास."

"मंग तुमी हसून काऊन राह्यले जी?" ती म्हणाली. "माहा दीर असाच गेला. पुस महिन्यात बोडीत (तळ्यात) मासं माराले उतरला होता. कुडकुडत घरी आला. मंग कुडकुड थांबली, त आमी म्हटलं, बरं वाटून राह्यलं त्याले. निजू दिलं. तो उठलाच नाई."

तात्यासाहेबांचे हसणे चेहऱ्यावरच राहिले, त्याला कुठे ठेवावे हे त्यांना कळेना. ते म्हणाले, "मग पंचवीस नमस्कार घालू या. रक्त खेळेल."

"त्याले हलवू नका," ती म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारली.

देवाजीने मला उचलले. पार्बताबाईने माझे धोतर ओढायला घेतले तेव्हा मरणाच्या दारातसुद्धा माझे पुणेरीपण जागे झाले आणि मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले. "सोडा जी," ती म्हणाली, "मले चार पोरं हायत." मी सोडले. त्यांनी मला कोरडे पुसले, वाकळेत गुंडाळले आणि तणशीच्या ढिगात खोल घातले; फक्त तोंड बाहेर. माझ्या पाठीशी देवाजी स्वतः येऊन निजला. पार्बताबाईने चुलीवर धानाचा कोंडा तापवला, फडक्यात बांधला, आधी आपल्या गालाला लावून पाहिला आणि माझ्या छातीशी नि काखेत ठेवला. शेजारचा एक म्हातारा मोहाची दारू घेऊन आला. "ते नाई," ती म्हणाली. "दिराले तेच पाजलं होतं."

किती वेळ गेला मला माहीत नाही. मला निजायचे होते आणि ती निजू देईना. आईचे नाव काय, बहिणी किती, शाळेत काय शिकवता, असे विचारत राहिली. मी म्हणालो, चित्रे. "मंग माहा बैल काढा पाहू," ती म्हणाली, "कोनता रंग देसान?" मी मनातल्या मनात तो बैल चारदा रंगवला. गिळता येऊ लागले तेव्हा तिने गूळ घातलेली ऊन पेज चमच्याचमच्याने पाजली. आणि दुपारच्या सुमारास माझ्या पोटातून एक कळ उठली, हनुवटी हलली, आणि मी असा कुडकुडू लागलो की वरची तणीस खाली घसरली.

पार्बताबाई मटकन खाली बसली. "आता वाचला," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. ते डोळे माझ्यासाठी भरले होते की त्या दिरासाठी, हे मी विचारले नाही. मांडवाच्या खांबाशी तात्यासाहेब सकाळपासून ओलेच उभे होते. माझे दात वाजल्याचे ऐकून त्यांचा हात सवयीने वहीकडे गेला, आणि मग त्यांनी तो खाली घेतला.

उरलेल्या चार आंघोळी रद्द झाल्या. दोन दिवस मी पार्बताबाईच्या चुलीपाशी बसून चहा प्यालो. निघताना तिच्या पाया पडलो तर ती रागावली.

परतीच्या वाटेवर मात्र एक गंमत झाली. वडशाच्या फलाटावर तात्यासाहेब लोकांना सांगत होते, एका बाईने याला वाचवले. चांद्याला ते म्हणाले, गावकऱ्यांची मदत झाली. वर्ध्याला म्हणाले, जरा तब्येत बिघडली होती. पुणे जवळ आले तेव्हा, दोन वर्षांच्या शिस्तीमुळेच हा गडी तगला, असे ठरले होते. प्रत्येक स्टेशनवर मी शेजारी बसलो होतो, आणि प्रत्येक स्टेशनवर गप्प होतो. त्या दिवशीच्या पानावर माझ्या नावापुढे फुली नव्हती, हे मी पाहिले होते ना.

माघ संपताना मंडळाने माझा सत्कार ठेवला. तात्यासाहेबांनी शैत्यावरील विजयाचे वर्णन केले, टाळ्या झाल्या, हार पडला. मी उठून चार शब्द बोललो. ते चारही खोटे होते. खाली उतरलो तर टपालखात्यातले एक गृहस्थ वाट बघत होते. माझ्यासारखेच काटकुळे, त्याच आठवड्यात मंडळात दाखल झालेले. हातात छोटी वही.

"एकच विचारायचे होते," ते म्हणाले. "पाण्यात साधारण किती वेळ थांबले म्हणजे थरथर थांबते?"

मी त्यांच्या मनगटाकडे पाहिले. पेन्सिलीएवढे होते. आभारप्रदर्शन चालू होते, तरी मी परत व्यासपीठावर चढलो आणि म्हणालो की दोन शब्द राहिले. मग बोडीत मासे मारायला उतरलेल्या आणि परत न उठलेल्या त्या माणसाची हकीकत मी सांगितली. तात्यासाहेब खाली बघत होते. चांदा जिल्ह्यातल्या पार्बताबाईने मला वाचवले, नाहीतर मी थंडी जिंकून मेलो असतो, असे मी म्हणालो. एवढे साधे वाक्य तोंडातून काढायला मला पुण्यात सव्वा महिना लागला होता.