अत्तर लावणारा हात

हळदीकुंकवाची कल्पना माझी नव्हती. असती तर ही गोष्ट मी जरा वेगळ्या सुरात सांगितली असती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात आमचं कुटुंब सल्ला केंद्र होतं. मारहाण, दारू, सासुरवास, नवरा-बायकोची भांडणं, सगळ्यासाठी सल्ला आणि आधार. मी तिथली सगळ्यात जुनी कार्यकर्ती. इंदिरानगरात दुसरी शाखा निघणार होती आणि तिची प्रमुख मीच, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात पुण्याहून ती आली. वयाने लहान, शिक्षण माझ्याइतकंच, आणि बोलायला लागली की समोरच्याला वाटावं, ही आपल्याच घरातली. झालं! कार्यकारिणीने ठरवलं, दोघींनी इंदिरानगरात एकेक कार्यक्रम घ्यायचा. जिच्या कार्यक्रमातून बायका खरोखर मदत मागायला येतील, शाखा तिची.

मी पथनाट्य बसवलं. ढोलकी, घोषणा, लाल पदर. शेवटी मीच माईक घेतला. "भगिनींनो, घरात त्रास होत असेल तर पुढे या, टेबलापाशी नाव सांगा!" आजूबाजूच्या सोसायट्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, जवळच राहायची. तीही पुढे बसून टाळ्या वाजवत होती. टाळ्या भरपूर पडल्या हो! टेबलापाशी मात्र एक आजोबा तेवढे आले, रेशनकार्डाचं विचारायला. सासू गॅलरीतून बघत असताना कुठली सून खाली येऊन नाव सांगणार? सतरंज्या गुंडाळत होते तर ही पुण्याची बाई जवळ येऊन म्हणते, "ताई, काय झकास झालं पथनाट्य!" माझं डोकंच फिरलं. टोमणा मारला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिने संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं. मीटिंगमध्ये मी लगेच धरलं तिला. "आपल्याकडे येणाऱ्या किती बायका टाकलेल्या, किती विधवा. त्यांनी दारातूनच परत जायचं का?" मला वाटलं, सापडली.

"कुंकू ज्यांना हवं त्यांना, ताई," ती म्हणाली. "अत्तर सगळ्यांना लावू. अत्तराला कोण नाही म्हणतंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. उत्तर चांगलं होतं, तेच तर दुखणं होतं.

देवळाच्या सभागृहात बायकांची ही झुंबड! संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला निघालेल्या सुनेला कुठे चाललीस म्हणून कोणी अडवत नाही. उलट सासूच म्हणते, जा, वाण घेऊन ये. दारात ती मोरपंखी साडी नेसून उभी, हातात अत्तरदाणी. आलेल्या बाईचा हात हातात घ्यायची, त्यावर अत्तराची काडी फिरवायची, आणि हात लगेच सोडायची नाही. हळूच विचारायची, "कशा आहात?" एवढंच. बहुतेक जणी हसून पुढे जायच्या. एखादीचा हात मात्र तिथेच राहायचा. मग ती तिला शेजारच्या, भजनी मंडळाच्या खोलीत नेऊन बसवायची आणि दार लोटून घ्यायची.

आणि मी? मी दुसऱ्या टोकाला वाण वाटत होते. चहाच्या गाळण्या! पाकिटावर केंद्राचा पत्ता, आणि देणारी केंद्राची सगळ्यात जुनी कार्यकर्ती. दार लोटलं गेलं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तेवढ्यात रांगेत वहिनी दिसली. मला काही बोलली नव्हती येणार म्हणून. माझ्या पथनाट्याला मी बोलावलं तेव्हा आली होती, इथे आपणहून! तिने हात पुढे केला. काडी फिरली. "कशा आहात?" मी बघत राहिले. वहिनीने हात मागे घेतला नाही. दोघी आत गेल्या, दार लोटलं गेलं.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचे. भाऊ पानावर वहिनीवरून विनोद करत गप्पा मारायचा, वहिनी वाढायची. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर आधी जिवाला घोर लागला असता. मला आधी हेवा वाटला. माझी वहिनी, माझ्या घरचं दुखणं, आणि सांगते कोणाला तर हिला!

बऱ्याच वेळाने वहिनी डोळे पुसत बाहेर आली. मी गाळण्या टाकून धावले. "वहिनी, अगं, मी मेले होते का? मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगू, वन्सं?" ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या बहीण."

बायका पांगल्यावर मी त्या पुण्याच्या बाईला गाठलं. काय म्हणाली माझी वहिनी?

"ताई, एकीचं बोलणं तिच्या घरच्यांना सांगायचं नाही," ती खाली बघून म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुम्हीच शिकवलंत मला."

शाखा तिला मिळाली. मी भांडले नाही. कशाच्या जोरावर भांडणार? पुढे भावाचे रविवारचे विनोद कमी झाले. वहिनी दर आठवड्याला इंदिरानगरच्या केंद्रावर जायला लागली, नंतर भावालाही घेऊन जायला लागली. तिथे काय बोलणं व्हायचं ते मला कोणीच सांगितलं नाही.

पुढच्या संक्रांतीला त्या शाखेचं हळदीकुंकू होतं. जायचं नाही म्हणत म्हणत गेले. दारात मोरपंखी साडी दिसेल म्हणून मी तोंड तयारच ठेवलं होतं. पण अत्तरदाणी घेऊन वहिनी उभी होती. तिने माझा हात घेतला, काडी फिरवली. हात सोडला नाही.

"कशा आहात, वन्सं?"

रांगेत मागे बायका थांबल्या होत्या.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले आणि हात ओढून घेतला.