पात्याला टेकणारा झेंडा

खप्, खप्, खप्. फिरत्या पात्यांची टोकं ताणलेल्या कापडाला हलकेच लागली की असा आवाज होतो. मी तो पहिल्यांदा ऐकला त्याला कितीतरी वर्षं झाली. अजूनही अंगणात कुणी चादर झटकली की माझे हात काठी धरल्यासारखे होतात आणि घरचे हसतात.

त्या आवाजाच्या आसपासचे किस्से माझ्याकडे बरेच साठलेत. हँगरमध्ये वाळू साठायची तसे. रोज झाडायचो, ती येताना कुणाला दिसायची नाही, पण संध्याकाळी सुपलीभर निघायचीच.

रियाधहून अल खर्जला जाताना आमच्या कंपनीचा हँगर होता. शेतांवर फवारणी करणारी, पेशंट नेणारी हेलिकॉप्टरं तिथे दुरुस्तीला यायची. आम्ही तिघे जुने. साळवी फोरमन, चिपळूणचा, आपल्या एअर फोर्समधून रिटायर झालेला. मिर्झासाहेब फिटर, झेलमचे, पाकिस्तानी फौजेतून आलेले. आणि मी हुसेन, हर्णैचा, चौथी पास. दोघांनी एकाहत्तरच्या लढाईत हेलिकॉप्टरं सांभाळली होती, समोरासमोरच्या बाजूंनी. चहाच्या वेळी ती लढाई रोज नव्याने व्हायची. हँगरमधलं बोलणं हिंदीत चालायचं, मी ते आपल्या भाषेत लिहितोय.

माझं काम झेंडा धरायचं. हेलिकॉप्टरची सगळी पाती एकाच पातळीत फिरावी लागतात. एखादं वरखाली गेलं की सगळं यंत्र थरथरतं. ते तपासायची जुनी रीत अशी: प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू लावायचा, इंजिन सुरू करायचं, आणि उंच काठीला उभं ताणलेलं कापड सावकाश पात्यांकडे झुकवायचं. लाल, निळ्या, पिवळ्या खुणा एकमेकींवर पडल्या की काम झालं. त्या कापडाला झेंडा म्हणायचे.

साळवीने मला निवडलं तेव्हा विचारलं, "शाळा किती?"

"चौथी. त्यानंतर होडीवर होतो."

"मग काठीची सवय आहे. शाळा कमी आहे तेही बरं. शिकलेला माणूस झेंडा धरताना विचार करत बसतो."

*

साळवीचा आवडता किस्सा मेघना नदीचा. नदीवरचा पूल पडलेला, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरने पलीकडे न्यायचं ठरलं. तेव्हा ही नवलाईच होती. त्या हेलिकॉप्टरचं इंजिन नाकात असायचं. "खाली भट्टी, वर पायलट," असं साळवी म्हणायचा. जास्त माणसं मावावीत म्हणून मागची दारं काढून ठेवलेली.

"किती जण बसायचे?" मी विचारायचो, दरवेळी.

"पुस्तकात लिहिलेत तेवढे बसले की उरलेले मी ढकलायचो."

एका खेपेतल्या जवानांनी आयुष्यात विमान पाहिलं नव्हतं. चढताना पहिल्याने पायातले बूट काढून बाहेर नीट ओळीत ठेवले. त्याचं बघून मागच्या सगळ्यांनी काढले. बूट दिसले तेव्हा हेलिकॉप्टर उडालेलं. साळवीने सगळे बूट गोळा केले आणि पुढच्या खेपेत टाकले.

पायलटने मागे वळून विचारलं, "हे काय भरलंय?"

"मागच्या खेपेचे पाय, सर."

*

मिर्झासाहेब तेव्हा त्याच नदीच्या दुसऱ्या काठाला होते. दिवसभर आणि रात्रभर हेलिकॉप्टरांचा आवाज येत राहिला. त्यांच्या साहेबाने त्यांना बोलावलं. म्हणे तू यातला माणूस आहेस, आवाजावरून सांग, दुश्मनाकडे किती आहेत?

"मी सांगितलं, साठ," मिर्झासाहेब म्हणाले.

साळवी चहा सांडेपर्यंत हसला. "अहो, डझनभर होती. तीच तीच फिरून येत होती. इंजिनाचा आवाज ओळखता आला नाही? कसले फिटर तुम्ही?"

"ओळखला होता. एकाचा एक्झॉस्ट फुटका होता, ते तर दर वीस मिनिटांनी परत यायचं."

"मग साठ का सांगितले?"

मिर्झासाहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. "बारा म्हटलं असतं तर साहेब म्हणाला असता, लढ."

*

परतीच्या खेपेत जखमी यायचे, कधीकधी साळवी त्यांच्यासोबत असायचा. स्ट्रेचर हेलिकॉप्टरमध्ये खालीच ठेवायचे आणि सुटायचं, बस. एका पोराच्या पोटात गोळी होती. त्याने साळवीचं मनगट पकडलं आणि सोडेना. हेलिकॉप्टर हाललं की विचारायचा, "खाली कधी?" साळवी म्हणायचा, "हे काय, आलंच." असं सगळ्या वाटेत. साळवीनेही त्याचा हात धरून ठेवला होता.

उतरल्यावर डॉक्टर पोराच्या हातावरचे काळे डाग बघून घाबरले. हात सडायला लागला असं त्यांना वाटलं.

"ग्रीस आहे, सर," साळवी म्हणाला. "माझं आहे."

पोरगा वाचला. साळवी हा किस्सा हसत सांगायचा, पण सांगून झाला की उगाच हत्यारांच्या पेटीतले पाने मोजायला जायचा.

*

मग सौदीकरण आलं. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या कामांची यादी आमच्या कंपनीवरही आली. मॅनेजरने मला बोलावून सरळ सांगितलं, झेंड्याच्या कामावर आता सौदी माणूस हवा. फहद नावाचा माणूस येतोय, त्याला तू शिकव. साळवी त्याची परीक्षा घेईल. तो पास झाला की तुझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढणार नाही.

तेव्हा माझ्या मुलीचं, सलमाचं, नर्सिंगचं दीड वर्ष राहिलं होतं. मला तेवढंच हवं होतं. ते सगळ्या हँगरला ठाऊक होतं.

फहद पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. आधी अल खर्जच्या डेअरीवर दुधाचा टँकर चालवायचा. बरोबरच्या ड्रायव्हरांकडून हिंदी शिकलेला, मला चाचा म्हणायचा.

"चाचा, हे किती दिवसांत येतं?"

"मला तीन वर्षं लागली."

"मॅनेजर तीन आठवडे म्हणतो."

"मॅनेजरच्या हातात काठी नसते."

साळवीने मला बाजूला घेतलं. "हुसेन, थोडं चुकीचं शिकव ना. उभं राहायची बाजू उलटी सांग."

"उलट्या बाजूला उभा राहिला तर काठी त्याच्याच अंगावर येईल."

"मग हळूहळू शिकव."

"हळूच शिकवतोय. मला पटपट काही येतं का?"

*

एका शनिवारी फहद आला तो गंभीर चेहऱ्याने. घरी सराव करायचा म्हणून त्याने दिवाणखान्यातल्या पंख्याच्या पात्यांना मुलांचे रंगीत खडू लावले होते आणि केर काढायच्या काठीला टॉवेल बांधून पंखा सुरू केला होता. नवऱ्याला काही झपाटलं असं वाटून बायकोने सासूला फोन केला. सासू मौलवीला घेऊन आली.

"मौलवी काय म्हणाले?" मी विचारलं.

"थोडा वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, निळं पातं खाली जातंय."

ज्या साळवीने फहदशी दोन आठवडे धड बोलणं केलं नव्हतं, तो पुढच्या शुक्रवारी पाने घेऊन त्याच्या घरी गेला. मी आणि मिर्झासाहेबही गेलो. दोन तास खपून आम्ही तो पंखा पातळीत आणला. तिघांच्या मिळून शंभर वर्षांच्या नोकरीत इतका सरळ फिरणारा पंखा कुणी पाहिला नव्हता. नंतर थाळाभर कब्सा, म्हणजे त्यांचा मटणभात, आला. जेवताना साळवी माझ्या कानात म्हणाला, "याचा हात चांगला आहे रे. वाईट झालं."

*

परीक्षा सकाळी होती. साळवी कागद घेऊन उभा, शेजारी मॅनेजर. पाती फिरायला लागली. फहद योग्य बाजूला उभा राहिला, काठी सरळ धरली, आणि झुकवलीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. कापड पात्यापासून वीतभर लांब. शेवटी साळवीने खूण करून इंजिन बंद करवलं.

"हात थरथरतोय," फहद म्हणाला.

साळवीने पेन आधीच काढलं होतं. "नापास. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." मॅनेजर घड्याळाकडे बघत होता. कागदोपत्री सौदी माणूस कामावर लागला होता, त्यालाही चालणार होतं.

मी मात्र सगळा वेळ काठीच्या टोकाकडे बघत होतो. हात थरथरला तर ते आधी टोकाला दिसतं, मग धरणाऱ्याला कळतं. टोक हललं नव्हतं.

मी फहदजवळ गेलो. "तुझा हात थरथरत नव्हता."

तो खाली बघत हळू आवाजात म्हणाला, "चाचा, तुमच्या मुलीचं दीड वर्ष राहिलंय."

"ते मी बघेन. मला काय, कुठेही काम मिळेल. तू काठी झुकव."

"चाचा..."

"मी शिकवलेला माणूस हात थरथरतो म्हणून नापास होणार नाही. यल्ला, चल."

साळवी कुरकुरला, पण इंजिन पुन्हा सुरू झालं. फहदने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काठी झुकवली, मी झुकवतो त्याहून सावकाश. एकदाच टेकवली आणि मागे घेतली.

साळवीने कापड सोडून उन्हात धरलं. तीन रंग, आणि खूण एकच.

"हुसेन, हे तू सांग," तो मराठीत म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी लिहिणार नाही."

"पास," मी म्हटलं.

त्याने सही केली. मॅनेजरने "मबरूक" म्हणून अभिनंदनाला हात पुढे केला. फहदने तो धरला नाही. "दीड वर्ष धरा, चाचा," म्हणत त्याने काठी माझ्या हातात दिली, खडूचे हात पँटला पुसले, आणि गेटकडे चालत गेला.